साहेब उतरलेत!

“साहेब उतरलेत” एवढाच निरोप यायचा. कोण साहेब, कुठे उतरलेत, हे विचारायची गरज कुणाला पडत नसे. औषध निरीक्षकांना बसमधून उतरताना एसटी स्टँडसमोरच्या चहावाल्याने पाहिलेलं असायचं आणि खबर साहेबांच्या आधी पेठेत पोचायची. मग प्रत्येक मेडिकलमध्ये एकच धांदल. काउंटरमागचा पोऱ्या मुदत संपलेल्या बाटल्या खोक्यात भरून माडीवर न्यायचा. मालक चिठ्ठीवरच विकायच्या औषधांचं, म्हणजे शेड्यूल एचचं, रजिस्टर काढून मागच्या पंधरवड्याच्या नोंदी एका दमात आणि एकाच पेनाने पुऱ्या करायचा. ज्याचं सर्टिफिकेट भिंतीवर लटकत होतं त्या फार्मसिस्टला बोलवायला कुणीतरी सायकल पिटाळायचा. साहेब दारात येईपर्यंत दुकान कायद्यात असं चपखल बसलेलं असायचं, की त्यांना त्याचाच संशय यावा.

आता तसं काही होत नाही. माझ्या भाच्याच्या दुकानात मुदत जवळ आलेला माल संगणकाच्या पडद्यावर लाल होतो आणि शेड्यूल एच-१ चं रजिस्टर बटण दाबलं की छापून निघतं. निरीक्षक गावात आलेच तर असोसिएशनच्या ग्रुपवर ‘व्हिजिट चालू’ असे दोन शब्द पडतात आणि त्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात. चहावाल्याचं काम गेलं.

सत्तरच्या दशकात डी.फार्म. होऊन काउंटरमागे उभे राहिलेले आम्ही लोक. आमच्यावर नजर ठेवणारं खातं जवळजवळ आमच्याबरोबरच कामाला लागलं. राज्याचं अन्न व औषध प्रशासन वेगळं उभं राहिलं ते १९७० साली. कायदा मात्र आमच्या जन्माआधीचा, १९४० चा. देशात नकली आणि भेसळीच्या औषधांचा सुळसुळाट आहे, हे कर्नल रामनाथ चोप्रांच्या समितीने १९३१ मध्ये लिहून दिलं होतं. त्यावर कायदा व्हायला नऊ वर्षं लागली आणि कायद्याचे नियम व्हायला आणखी पाच. सरकारी कामाला तेव्हा वेळ लागत नसे असं आमच्यातलं कुणी सांगू लागलं, तर त्याला ही सालं ऐकवावीत.

त्या काळी सरकार म्हणजे आमच्या दृष्टीने एक शिडी होती. खालच्या पायरीवर निरीक्षक, त्यांच्यावर जिल्ह्याच्या गावी बसणारे सहायक आयुक्त, त्यांच्यावर सहआयुक्त आणि सगळ्यांच्या वर मुंबईत आयुक्त. आम्हाला परवाना देणारे सहायक आयुक्त. तो तहकूब करणारेही तेच. आम्ही त्यांना चेहऱ्याने ओळखायचो, आडनावाने ओळखायचो आणि कोणते साहेब पान खातात नि कोणते चहासुद्धा घेत नाहीत, याचीही बित्तंबातमी ठेवायचो. चहा न घेणाऱ्यांची भीती जास्त.

भाच्याला त्याच्या सहायक आयुक्तांचं नाव आठवायला मोबाइल काढावा लागतो. त्याचा खरा साहेब म्हणजे एक्सएलएन, खात्याची ऑनलाइन प्रणाली. परवान्याचा अर्ज त्यावर, फार्मसिस्ट बदलला तर त्याची नोंद त्यावर, दुकानाचा नकाशा चढवायचा तोही त्यावर. हा साहेब पान खात नाही, रजेवर जात नाही आणि त्याला “जरा बघा ना साहेब” म्हणता येत नाही. फाइलचा आकार मोठा झाला तर तो लाल अक्षरात नकार देतो आणि का दिला ते सांगत नाही. आमच्या वेळी कारकून निदान कारण सांगायचा, आणि त्यातच त्याची अपेक्षाही सांगायचा.

सगळ्यांत जास्त आठवते ती तपासणीची वही. नियमांच्या भाषेत फॉर्म ३५. प्रत्येक दुकानात ती ठेवावीच लागे. पानांना क्रमांक, वर खात्याचा शिक्का, आणि साहेबांनी शेरा लिहायचा तो तीन प्रतींत. एक प्रत आमच्याकडे राहणार, दुसरी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाणार, तिसरी साहेबांच्या बॅगेत. म्हणून दोन कार्बन पेपर लागायचे आणि साहेब शाईचं पेन खिशात ठेवून आमच्याकडे बॉलपेन मागायचे. मग मालकाच्या खुर्चीवर बसून सावकाश लिहायचे: फ्रिज चालू आहे, तापमान ठीक, बिलांवर बॅच नंबर घालत जावे, तीन बाटल्या मुदतबाह्य आढळल्या, त्या वेगळ्या ठेवण्यास सांगितले. आम्ही त्यांच्या खांद्यावरून उलटं-सुलटं वाचायचा प्रयत्न करायचो. शेऱ्याखाली सही झाली की दुकानातला पंखासुद्धा जोरात फिरायला लागल्यासारखा वाटायचा.

काही निरीक्षक मनापासून लिहायचे. त्यांच्या शेऱ्यांत आम्ही धंदा शिकलो हे कबूल करायला हवं. पॅकिंगवर छापलेलं ‘थंड जागी ठेवा’ म्हणजे खिडकीशेजारी नव्हे, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, एका शेऱ्यात कळलं. आणि काही निरीक्षकांच्या लेखणीला वजनावर उतार पडायचा. पाकीट सरकलं की ‘मुदतबाह्य आढळल्या’चं ‘आढळल्या नाहीत’ व्हायला शाईचा एकच शब्द लागे. त्याच वहीत, त्याच सुंदर अक्षरात. आता तपासणीचा अहवाल संगणकावर चढतो, ठरावीक चौकटींत हो किंवा नाही टिचकवत. अक्षर कुणाचंच दिसत नाही. चौकटींनी पाकिटांचा धंदा बंद केला असेल तर मी त्यांचे पाय धरायला तयार आहे, पण पेठेत कुणी तसं छातीठोकपणे म्हणत नाही.

परवान्याचे पैसे भरणं हा आणखी एक विधी. चलन चार प्रतींत लिहायचं, कोषागारातून त्यावर सही आणायची, स्टेट बँकेच्या त्या एका विशिष्ट खिडकीपाशी रांग लावायची. चलनावर लेखाशीर्ष लिहावं लागे: ०२१०, वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. आम्हाला मुलांच्या जन्मतारखा चुकतील, ०२१० चुकणार नाही. भाचा आता हेच ‘ग्रास’ या सरकारी पोर्टलवर रात्री जेवण झाल्यावर भरतो, शतपावली घालता घालता. फॉर्म २० आणि फॉर्म २१ या दोन परवान्यांचे प्रत्येकी १,५०० रुपये, पाच वर्षांसाठी. म्हणजे एक मेडिकल दुकान आपल्यावरच्या देखरेखीपोटी सरकारला दिवसाला पुरते दोन रुपयेसुद्धा देत नाही. २०१७ पासून तर नूतनीकरण हा प्रकारच उरला नाही. पाच वर्षांनी शुल्क भरलं की परवाना चालू. नूतनीकरणाच्या निमित्ताने होणारी तपासणी, तिच्यासाठी मारलेला रंग, झाडलेली जळमटं, सगळं गेलं. रंगाचा खर्च वाचला. जळमटांचं माहीत नाही.

ते ०२१० खाली भरलेले पैसे जात कुठे, हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडला नाही. पुष्कळांना आजही पडत नाही. आमचा समज असा, की आम्ही भरतो त्यातून साहेबांचा पगार होतो. एक व्यापारी मित्र तर साहेबांकडे त्या हक्कानेच बघायचा. प्रत्यक्षात तो पैसा राज्याच्या एकत्रित निधीत विरघळून जाई आणि आजही जातो. खात्याला मिळतं ते अर्थसंकल्पात तरतूद होईल तेवढं, आणि तरतूद करताना औषध प्रशासनाची पाळी रस्ते, धरणं, शाळा, इस्पितळं यांच्यामागे. म्हणून साहेब एसटीने यायचे. म्हणून त्यांच्याकडे दोन-दोन तालुके असायचे. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या समितीने २००३ मध्ये हिशेब मांडला होता: दर दोनशे दुकानांमागे एक निरीक्षक हवा आणि दर पन्नास कारखान्यांमागे एक. तो वाचून आमच्याकडे येणारे निरीक्षक फक्त हसले होते, हे मला स्पष्ट आठवतं. त्या हसण्यात राग नव्हता. दोनशे दुकानं कुणी आपल्याला देईल का, असं त्यांना वाटलं असावं.

पण या व्यवस्थेत एक गोष्ट आपोआप सांभाळली जायची. साहेबांचा पगार आमच्या शुल्कावर अवलंबून नव्हता. निदान कागदावर तरी ते आमचं मीठ खात नव्हते.

सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत हा विचार वेगळा झाला. नव्या औषधांचे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात म्हणून ओरड झाली आणि १९९२ मध्ये तिथे कायदा झाला, की औषध कंपन्यांनीच तपासणीचं शुल्क भरावं आणि त्या पैशातून खात्याने माणसं नेमावीत. आज नव्या औषधाच्या एका अर्जाला ४० लाख डॉलरच्या वर शुल्क लागतं आणि त्या खात्याच्या औषधविषयक कामाचा निम्म्याहून जास्त खर्च कंपन्यांच्या पैशातून निघतो. युरोपातल्या औषध संस्थेत तर हा वाटा नऊ दशांशाच्या घरात आहे. अर्ज झपाझप निकाली निघू लागले, आणि खाल्ल्या मिठाला कोण जागतंय हा प्रश्नही तेवढ्याच झपाट्याने विचारला जाऊ लागला.

यात आपली माणसं कुठे आली, तर गोव्यात आणि संभाजीनगरच्या वाळूजला. तिथल्या कारखान्यांतून गोळ्या अमेरिकेला जातात, म्हणून अमेरिकेचे निरीक्षक तिथे येतात. २०१२ पासून जेनेरिक औषधांनाही शुल्क लागू झालं आणि परदेशातल्या कारखान्याकडून ते अमेरिकेतल्या कारखान्यापेक्षा १५,००० डॉलर जास्त घेतलं जातं, साहेबांच्या प्रवासाचं म्हणून. आमच्या मित्राचा मुलगा अशाच एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गोऱ्या साहेबाच्या पायांशी पडलेला साधा कागदाचा कपटासुद्धा तिथे उचलून वाचला जातो, म्हणून आठवडाभर आधीपासून त्याच्या घरी जेवणाच्या वेळा बिघडतात. निरीक्षक जाताना त्रुटींची यादी ठेवतो, तिचं नाव फॉर्म ४८३. “किती आले?” “फोर-एटी-थ्री आला, पण तीनच मुद्दे.” या एका वाक्यावर त्या घरात पेढे येतात. आमच्या फॉर्म ३५ ला कुणी कधी पेढे वाटले नाहीत. पण त्याच कारखान्यातून देशात विकायची गोळी निघते, तिच्यासाठी येणारा निरीक्षक कुठल्या गाडीने येतो, हे मी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, “काका, कंपनीची गाडी पाठवतो ना स्टेशनवर.”

नमुना घेण्याचा विधी मात्र देखणा होता. साहेब कपाटातून एखादं औषध उचलायचे आणि म्हणायचे, “याचं सँपल घेतो.” मग फॉर्म १७ भरायचा. पातळ औषध असेल तर त्याचे चार भाग. प्रत्येक भागाला कागद, सुतळी, आणि मेणबत्तीवर वितळवलेल्या लाखेचा ठिपका, त्यावर पितळी मोहोर. एक भाग आम्हाला, एक सरकारी विश्लेषकाला, एक कोर्टासाठी, एक ज्याच्याकडून माल आला त्याच्यासाठी. शेजारचा कापडवाला आणि समोरचा सोनार पंच म्हणून उभे. दुकानात लाखेचा वास कोंदलेला, गिऱ्हाईक दाराशी खोळंबलेलं. शेवटी साहेब औषधाची किंमत पुढे करायचे. मालक कानाला हात लावून म्हणायचा, “राहू द्या साहेब, आपल्याकडून कसले पैसे.” साहेब म्हणायचे, “घ्या हो, नाहीतर मला फॉर्म सतरा-अ भरावा लागेल.” किंमत देऊ केली आणि दुकानदाराने नाकारली, यासाठीही इंग्रजांनंतरच्या या देशात वेगळा फॉर्म आहे, यावर माझी बायको अजून विश्वास ठेवत नाही.

हे सगळं झाल्यावर काय व्हायचं? बहुतेक वेळा काहीच नाही. विश्लेषकाचा अहवाल यायला इतके महिने जात, की तोवर ती बॅच विकून, पिऊन, विसरून झालेली असायची. औषध निकृष्ट निघालंच तर कळायचं एवढंच, की कुणीतरी ते प्यायलं होतं. आता केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला अप्रमाणित औषधांची यादी जाहीर करते. धंद्यात तिला एनएसक्यू यादी म्हणतात. औषध, बॅच, कंपनी, नापास होण्याचं कारण, सारं चारचौघांत. आमच्या वेळी अशी यादी असती तर आम्ही ती गिऱ्हाइकापासून लपवली असती. आता गिऱ्हाईकच ती आम्हाला दाखवतं.

आणि जे. जे. आठवलं, की आमचं सगळं स्मरणरंजन घशात अडकतं. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरचा आणि डोळ्यावरचा दाब उतरवण्यासाठी रुग्णांना ग्लिसरॉल पाजलं गेलं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं होतं. मूत्रपिंडं निकामी होऊन १४ माणसं गेली. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला आणि त्याच्यासमोरच्या साक्षी वर्तमानपत्रांत रोज छापून येऊ लागल्या. दुकानात गिऱ्हाईक नसलं की आम्ही त्या वाचत असू. खरेदी कशी झाली, कुणी डोळेझाक केली, औषध प्रशासनात वरपर्यंत काय मुरलेलं होतं, मंत्र्यांचे फोन कशासाठी जात. आम्ही ज्या शिडीची पायरी न् पायरी ओळखत होतो असं समजत होतो, तिच्या वरच्या पायऱ्यांवर काय चाललं होतं ते आम्हाला तेव्हा कळलं. अहवाल विधिमंडळापुढे आला, आरोग्यमंत्री भाई सावंतांना जावं लागलं. त्यानंतरचे काही महिने आमचे निरीक्षक कुणाचाच चहा घेत नव्हते. मग थंडी पडली आणि घेऊ लागले.

तेव्हाच्या आमच्या हातांचंही फार कौतुक नको. निम्म्या पेठेत फार्मसिस्टचं फक्त सर्टिफिकेट असायचं, माणूस कुठेतरी शाळेत मास्तर किंवा बँकेत क्लार्क. याला ‘सर्टिफिकेट लावणं’ म्हणत आणि त्याचा महिन्याचा दर ठरलेला असे. २०११ नंतर महेश झगडे आयुक्त असताना फार्मसिस्ट हजर नसेल तर परवान्यावर कारवाई, असा बडगा निघाला तेव्हा केमिस्टांनी दुकानं बंद ठेवली. मीही बंदमध्ये होतो. घोषणांचा आवाज मोठा होता. कायदा काय मागतो, हे मात्र त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

झगड्यांच्याच काळात, जुलै २०१२ मध्ये, गुटख्यावर बंदी आली. अन्नसुरक्षा कायद्याखाली आयुक्तांनी एका वेळी वर्षभरापुरती बंदी घालायची, अशी ती पद्धत. म्हणून ती दरवर्षी नव्याने येते, आणि टपरीवर पुडी दरवर्षी त्याच जागेवरून निघते.

अन्नाकडची गंमत तर पेठेत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालायची. दिवाळीच्या तोंडावर खव्याचा नमुना घ्यायला अन्न निरीक्षक आले, की हलवायाच्या दुकानाची फळी खाली. १९५४ च्या भेसळ कायद्यात किमान सहा महिने कैद होती, त्यामुळे प्रत्येक हलवाई तुरुंगाच्या भाषेत बोलायचा आणि प्रत्यक्षात कोर्टाच्या तारखांच्या. खटला चालायचा दहा-दहा वर्षं. खवा कधीच पचलेला. ऑगस्ट २०११ पासून नवा कायदा लागू झाला. निकृष्ट माल सापडला तर आता मुख्यतः दंड, पाच लाखांपर्यंत, आणि तोही कोर्टाऐवजी खात्याच्याच अधिकाऱ्यापुढे सुनावणी होऊन. विश्लेषकाने अहवाल १४ दिवसांत द्यायचा. पाणीपुरीवालासुद्धा नोंदणी करू शकतो आणि त्याच्या गाडीवर १४ आकडी क्रमांक झळकतो. आकडे वाढले तशी आमची नात निर्धास्तपणे पाणीपुरी खाऊ लागली. आम्ही खायचो तेव्हा क्रमांक नव्हता, भीतीही नव्हती, आणि कावीळ प्रत्येक घरात होऊन गेलेली होती.

डॉक्टरांचं नियमन हा आमचा प्रांत नव्हे, पण काउंटरच्या या बाजूने तेही दिसत होतं. त्यांची परिषद त्यांनीच मतं देऊन निवडायची, त्यांच्याच नोंदणी शुल्कावर ती चालायची, आणि त्यांच्यापैकीच कुणी चुकलं तर न्याय तीच करायची. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीतल्या केंद्रीय परिषदेच्या अध्यक्षांना लाचेच्या प्रकरणात सीबीआयने अटक केली तेव्हा आमचे डॉक्टर “निवडणुकाच बंद करा” म्हणू लागले. सप्टेंबर २०२० पासून परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, बहुतेक सदस्य सरकारने नेमलेले. आता तेच डॉक्टर म्हणतात, आमचं ऐकायला तिथे आमचा माणूस कोण आहे?

हीच तक्रार आमच्याही तोंडी आहे. ऑनलाइन औषधविक्रीचे नियम केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्ये मसुदा म्हणून काढले. आम्ही २८ सप्टेंबरला देशभर दुकानं बंद ठेवली. मसुदा अजून मसुदाच आहे, आणि औषधं घरपोच जात आहेत. माझं दुकान दहा चौरस मीटरला एक इंच कमी भरलं असतं तर परवाना अडला असता; पिशवी पाठीला लावून दुचाकीवरून फिरणाऱ्या मुलाला किती चौरस मीटर लागतात, ते कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. हे म्हणताना मला माझ्या आवाजात त्या बंदमधल्या घोषणा ऐकू येतात, म्हणून मी फार जोरात म्हणत नाही. शिवाय बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या तोच मुलगा आणून देतो, बारा टक्के सवलतीत.

मग २०२५ चा पावसाळा संपता संपता मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं नागपूरच्या इस्पितळांत येऊ लागली. साधा खोकला-ताप झालेला, सिरप दिलेलं, आणि मूत्रपिंडं बंद. वीसहून अधिक मुलं गेली. सिरप तामिळनाडूत कांचीपुरमजवळ बनलेलं. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेने त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल असल्याचं सांगितलं. नाव वाचलं तेव्हा मी चष्मा काढून पुन्हा वाचलं. जे. जे.चं तेच विष. अमेरिकेत १९३७ मध्ये ज्याने शंभरावर माणसं मारली आणि जिथला कायदा त्यामुळेच बदलला, तेच. चेन्नई, बिहार, गुरगाव, जम्मू, गांबिया, प्रत्येक ठिकाणी तेच, आणि प्रत्येक वेळी गोड पातळ औषधातून.

या वेळचा नकाशा मात्र पाहण्यासारखा होता. औषध बनवण्याचा परवाना तामिळनाडूचा, कारण परवाने राज्य देतं. विक्री मध्य प्रदेशात, म्हणून दुकानाची तपासणी त्यांची. मुलं महाराष्ट्रात दगावली, म्हणून मृत्यूंची नोंद आमच्याकडे. नवं औषध असतं तर दिल्लीची केंद्रीय संघटना आली असती. खोकल्याचं सिरप जुनं, म्हणून ती सल्ल्यापुरती. १९८६ मध्ये रागवायला एक आयुक्त होते, एक मंत्री होते, एक न्यायमूर्ती सगळ्यांना समोर बोलावू शकत होते. या वेळी टीव्हीवर तीन राज्यांचे अधिकारी आळीपाळीने दिसत होते आणि प्रत्येक जण दुसऱ्या राज्याकडे बोट दाखवताना अतिशय नम्र होता.

भाच्याच्या मोबाइलवर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची सूचना आली: अमुक सिरप, बॅच एसआर-१३, विक्री ताबडतोब थांबवा, साठा असल्यास कळवा. त्याने संगणकात नाव टाकलं, ‘साठा शून्य’ पाहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. हाच निरोप आमच्या वेळी परिपत्रक होऊन टपालाने आला असता, जिल्ह्याच्या गावाहून, दिवाळीनंतर. आमच्या दुकानात साठा असता तर तो तोवर संपला असता, आणि कुणाला विकला ते फाटक्या कार्बन कॉपीवरून शोधण्याचा आव आम्ही आणला असता.

तरीही मी त्याला विचारलं, की कांचीपुरमच्या त्या कारखान्याच्या तपासणी वहीत शेवटचा शेरा कुणी आणि कधी लिहिला असेल? भाचा म्हणाला, “मामा, असेल की पोर्टलवर.” असेलही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र साहेबांची ती बॅग येत होती आणि तिच्यातली तिसरी कार्बन प्रत. ती वाचणारं कुणी होतं का, याची खात्री आम्हाला तेव्हाही नव्हती.

देशाला एकच औषध प्राधिकरण हवं, हे १९७५ मध्ये जयसुखलाल हाथींच्या समितीने सांगून झालं, माशेलकरांनी पुन्हा सांगितलं, संसदेत विधेयकं आली आणि मंजूर न होता राहिली. २०१२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने केंद्रीय संघटनेचे कान उपटले होते. हे खातं लोकांच्या आरोग्यापेक्षा औषध उद्योगाची गरज पुढे ठेवतं असं तिचं म्हणणं, आणि वेगवेगळ्या शहरांतल्या तज्ज्ञांनी दिलेली शिफारसपत्रं शब्दन् शब्द सारखी कशी, असा तिचा प्रश्न. आम्ही शेड्यूल एचचं रजिस्टर एका पेनाने भरायचो, ते प्रकरण यापुढे फारच किरकोळ म्हणायचं.

राज्यांचे अधिकार राज्यांनी सोडायचे, केंद्राने पैसा द्यायचा, की उद्योगाने द्यायचा आणि दिला तर त्याच्या मिठाचं काय करायचं, यावर भाचा आणि मी परवा बराच वेळ बोलत बसलो. त्याचं म्हणणं, शुल्क दहापट करा, पण ते खात्यालाच मिळू दे. निरीक्षकाला गाडी द्या, प्रयोगशाळेला माणसं द्या. मी म्हटलं, दहापट केलं तर पेठेतली निम्मी दुकानं बोंब मारतील. तो म्हणाला, तुम्हीच सर्वांत पुढे असाल. तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं: तरुण मुलगी, खांद्याला बॅग, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. औषध निरीक्षक. पहिल्यांदाच आल्या होत्या. मी नकळत उठून खुर्ची पुढे केली आणि भाच्याच्या पोऱ्याला म्हटलं, “साहेबांसाठी चहा सांग.”

त्या म्हणाल्या, “चहा नको काका, पाणी चालेल. फार्मसिस्ट कोण आहेत?”